अलीकडची रांग, पलीकडची रांग

कोणाच्याही घरात शिरले की ते आधी एक टाळी वाजवत. एकच. मग मान तिरपी करून जरा थांबत, आणि त्यानंतर चपला काढत. नव्या माणसाला वाटे, हे कोणाला तरी हाक मारत आहेत. आतून कोणी "कोन हाय?" म्हणत बाहेर आलं की त्यांना राग येई, कारण त्या बोलण्यात टाळीचा घुमारा बुडून जाई आणि मग पुन्हा टाळी वाजवावी लागे.

पांढुर्ण्याच्या बँकेत त्यांनी ही टाळी वाजवली, तहसीलीत वाजवली, लग्नाच्या मंडपात तर नेहमीच. माझे सासरे गेले तेव्हा सौंसरला आमच्या घरी भेटायला आले आणि माणसांनी भरलेल्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी टाळी वाजवली. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. माझी धाकटी जाऊ सुमन, तिची जीभ अशा वेळीही जागेवर राहत नाही, ती पदराआडून मला म्हणाली, "बाई, मामंजी उठून बसतीन ना आता."

ते कोणाकडं न पाहता आमच्या ह्यांना म्हणाले, "इथं रडनं लय घुमून राहिलं. वरून टिन, खालून फरशी. बायांले पडवीत बसव, नाईतर साऱ्यायची डोकी दुखतीन." ह्यांना राग आला. दोघं एका शाळेतले, म्हणून काही बोलले नाहीत इतकंच. पण बाया पडवीत जाऊन बसल्या, आणि तुम्हाला खरं सांगते, तिथं गेल्यावर मला पहिल्यांदा सासऱ्यांची आठवण नीट करता आली. आत नुसता कल्ला होता. बाहेर रडणं होतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी पांढुर्ण्यात कोणी ओळखणार नाही, कारण सारं गाव त्यांना धीरेभाऊ म्हणायचं. धंदा साउंडचा, आणि तोंडात सदा 'धीरे'. साउंडवाल्याकडं माणूस जातो तो आवाज वाढवायला. हे कमी करायचे. लग्नवाले आले आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, छातीत धडधड झाली पायजे असा लावसान ना?" तर हे म्हणायचे, "धडधड पायजे असन तर जिना चढा दोनदा. मले काहून बोलावता?" गेले ते लग्नवाले. अशी किती गेली त्याची त्यांच्या बायकोलाच माहिती.

स्वतः इतकं हळू बोलायचे की समोरच्याला खुर्ची पुढं ओढावी लागे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जरा मोठ्यानं बोला ना, मले ऐकू नाई आलं." तर म्हणाले, "तुम्ही जवळ आल्या ना? मंग झालं माझं काम."

आता ते बैतूलला मुलीकडं राहतात. तिथल्या शेजाऱ्यांना टाळीची सवय झाली की नाही, देव जाणे.

त्या मुलीच्या लग्नाची एक गंमत आहे. त्यांच्या घरी माइक असायचे संत्र्याच्या पेट्यांमध्ये, तणसात नीट निजवलेले, जसा बागायतदार माल भरतो तसे. वायरी मात्र खुंट्यांवर. आणि वायर गुंडाळायची त्यांची एक रीत होती, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे आतल्या तारेला पीळ बसत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. कोपराभोवती वायर गुंडाळणारा माणूस त्यांच्या मनातून उतरला म्हणजे उतरला. तर मुलीला पाहायला स्थळ आलं. पोरगा चांगला, नोकरीवाला. चहापाणी झाल्यावर यांनी त्याच्यापुढं एक लांबलचक वायर आणून टाकली आणि म्हणाले, "जरा गुंडाळा बा."

पोरानं बिचाऱ्यानं कोपराभोवती गुंडाळली. चांगली घट्ट, वर गाठ मारून दिली.

हे उठून आत गेले. बायकोला म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे, लेकिन आतल्या तारेचा इचार नाई करत."

ती म्हणाली, "पोरीले त्याच्यासंगं राहाचं आहे का वायरीसंगं?"

लग्न झालं. पण पहिल्या दिवाळीला जावई आला तेव्हा ओवाळण्याआधी त्याला वायर गुंडाळायला शिकवली. आता तो अंगणातली पाण्याची नळीसुद्धा तशीच गुंडाळतो म्हणे, आणि शेजाऱ्याची चुकीची गुंडाळलेली दिसली तर त्याला चैन पडत नाही. हा रोग असा लागतो.

मला लागला तो भजनामुळं.

आमचं बायांचं भजनी मंडळ. मी मधात बसायची, हातात खंजिरी. माझ्या दोन्ही हातांना बायांच्या दोन रांगा, एकमेकींकडं तोंड करून. डाव्या रांगेत वयानं मोठ्या बाया, उजव्या रांगेची पुढारी सुमन. मी ओळ टाकायची, आणि ज्या रांगेकडं खंजिरी हलवली तिनं ती झेलायची, मग दुसरीनं. कोणाला आधी द्यायची ते माझ्या मनावर. त्यामुळं दोन्ही रांगा सारख्या टपलेल्या असतात, आणि आपल्याला कमी वेळा दिली म्हणून कार्यक्रमानंतर रुसवे होतात ते वेगळेच. मधातली बाई डोळे मिटून गात असली तरी तिला कळायला पाहिजे की कोणती रांग कुठवर आली. नाही कळलं तर ती त्यांच्या तोंडातल्या ओळीवर पाय देते आणि भजन उघडं पडतं. मधात बसणं हे गळ्यापेक्षा कानाचं काम जास्त.

आणि माझे कानच गेले होते. साऱ्या गावांत साउंडवाले एक मोठा डबा माझ्या पायाशी ठेवायचे, माझा आवाज मला ऐकू यावा म्हणून. ढोलकवाली जोरात वाजवी, म्हणून मी डबा वाढवायला सांगे. डबा वाढला की रांगा जोर करत. मग मी आणखी वाढवायला सांगे. घरी आल्यावर कानात रातकिडे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नागपूरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. चांगली समजूतदार बाई. ती म्हणाली, "आजी, हा मोठा आवाज सोडा, नाहीतर ऐकणं सुटेल." तेव्हापासून मी कापूस घालून गायला लागले.

धीरेभाऊ एका कार्यक्रमाला नुसते ऐकायला आले होते, साउंड दुसऱ्या कोणाचा होता. संपल्यावर पुढं आले आणि म्हणाले, "वहिनी, कापूस घालून गाऊन राहिल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "कान जाऊन राहिले, भाऊजी."

"मंग सूर कुठून आणता?"

"सवयीनं."

ते म्हणाले, "सवयीनं किती दिवस गासान?"

पुढच्या आठवड्यात ते एक संत्र्याची पेटी घेऊन सौंसरला आले. टाळी वाजवली, चपला काढल्या, पेटी उघडली. तणसातून काढली ती एक साबणाच्या डबीएवढी डबी, तिला पातळ वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचे दोन बोळे. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, त्यांच्याकडून यांनी हौसेनं आणून ठेवलेलं. गाणाऱ्यानं डबी कमरेला लावायची, बोळे कानात घालायचे, आणि समोरच्या मशीनवरून आवाज बिनतारेचा थेट कानात. पायाशी डबा नको, ढोलकवालीशी भांडण नको.

"कमरेला म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"पट्ट्याले."

सुमन तिथंच शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "हाव, पट्टा बांध बाई. अन् शिट्टी बी घे. एसटीतच बसवतो तुले."

धीरेभाऊंनी डबी पुन्हा तणसात ठेवली आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. चार दिवसांनी परत आले ते चंची घेऊन. त्यांच्या आईची पानसुपारीची जुनी चंची उसवून त्यांनी स्वतः हातानं शिवली होती, वायरीला बाहेर यायला काज केलेलं, बंद कमरेला खोचता यावेत इतके लांब. पदर घेतला की कोणाला काही दिसत नव्हतं. टाके मात्र असे की सुमन म्हणाली, "भाऊजी, आंधळ्यानं गोधडी शिवली जशी." तिनंच मग ती नीट शिवून दिली.

पहिल्यांदा बोळे घातले तेव्हा मला विहिरीत उतरल्यासारखं झालं. बाहेरचं जग बंद. मी घोट गिळला तो मलाच ऐकू आला. मी चटकन एक बोळा काढला, आणि ते, जे कधी मोठ्यानं बोलत नाहीत, ते मोठ्यानं बोलले. "एक कान काढाचा नाई. एक काढला का दुसऱ्यात आवाज वाढवा वाटते, अन् वाढवला का तो बी कान जाते. दोन्ही, नाईतर एकबी नाई."

घातले बाबा दोन्ही. त्यांनी बायांना गायला लावलं. ढोलक, पेटी, दोन्ही रांगा, माझा आवाज, सारं एकाच जागी, जसं माझ्या कपाळाच्या मागं कोणी पोतं भरून ठेवलं. मी म्हटलं, "भाऊजी, कोण कोण आहे तेच कळून नाई राहिलं."

त्यांचा चेहरा उजळला. याचीच वाट पाहत होते. "कसं कळन? साऱ्यायले एका जागी बसवलं तर एकमेकीच्या मांडीवर बसतीन ना. मंग जिले ऐकू याचं आहे ते ओरडन. आता पाहा." त्यांनी डबीवरचं एक बारीक बटण सरकवलं आणि मशीनवर जाऊन एकेक गोल बटण थोडं थोडं फिरवलं. आणि काय सांगू तुम्हाला. पेटी जराशी बाजूला सरकली. ढोलक दुसऱ्या बाजूला गेला. एक रांग एका कानाकडं जाऊन बसली, दुसरी दुसऱ्या, आणि मधात माझा आवाज मोकळा. जशी कोणी सतरंजी अंथरली आणि प्रत्येकीला तिची जागा दाखवली. आवाज तर त्यांनी वाढवला नव्हता. उलट आणखी कमी केला होता, आणि मला प्रत्येक बाई ऐकू येत होती.

"याले स्टीरिओ म्हनते," ते म्हणाले. "जागा देली का ओरडा लागत नाई."

असा माणूस. आणि याच माणसानं तिगावला आमचं भजन पाडलं.

झालं असं की तिगावच्या मंदिरासमोर संध्याकाळचा कार्यक्रम, पहिल्यांदा ही डबी लावून. घरी बटणं फिरवताना बाया जशी जागा मिळेल तशा बसल्या होत्या, तेव्हा काही लक्षात आलं नाही. तिगावला आम्ही आपल्या रांगांत बसलो. ते समोर लोकांमागं मशीन घेऊन बसले, आमच्याकडं तोंड करून. त्यांचा डावा तो आमचा उजवा. त्यांना दिसलं तसं त्यांनी लावलं. मी पहिली ओळ टाकली, खंजिरी हलवली सुमनच्या रांगेकडं, आणि झेल आली माझ्या डाव्या कानात. मला वाटलं, डावीकडच्या म्हाताऱ्यांनी चोरून झेलली. मी वळून त्यांच्याकडं डोळे मोठे केले. त्या घाबरून गप्प. सुमनच्या रांगेनं पाहिलं की बाई आपल्याकडं पाहतच नाही, तर त्याही थांबल्या. ढोलक एकटाच वाजत राहिला. पुढं बसलेली पोरं हसायला लागली. मी पुन्हा टाकली, पुन्हा तेच. शेवटी मी बोळे ओढून काढले आणि कसंबसं निभावलं.

उतरल्यावर सुमन म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मशीननं सासू-सून उलट्या बसवल्या."

दुसरा असता तर वायरीवर ढकललं असतं, नाहीतर लाइनवर. लोक उठून गेले, सतरंजी रिकामी झाली, तेव्हा ते वर आले आणि माझ्या जागेवर मांडी घालून बसले. बायांना म्हणाले, "बसा आपापल्या जागी. म्हना." माझी खंजिरी मागून घेतली. बाया लाजल्या, कारण पुरुषमाणूस मधात येऊन बसला, आणि मंदिरातले चार लोक पाहत उभे. पण त्यांचा चेहरा पाहून कोणी हसलं नाही. डोळे मिटून, खंजिरी मांडीवर धरून ते ऐकत होते. बाया गात होत्या. एकदा त्यांनी उजवा हात उचलला, सुमनच्या दिशेनं, मग डावा, जसा आंधळा माणूस भिंत चाचपतो.

मग डोळे उघडून म्हणाले, "एवढी वर्सं मी लोकायच्या जागेवरून ऐकून राहिलो. गानारीच्या जागेवर कधी बसलोच नाई."

त्यानंतर त्यांचा नेम झाला. कुठंही कार्यक्रम असो, आम्ही बसण्याआधी ते माझ्या जागेवर बसून जायचे, बोळे घालून, आणि बायांना गायला लावायचे. कुठल्या गावात कोणी म्हणालं, "अरे, हे भजन म्हनतीन का?" तर सुमन सांगायची, "नाई, ते खुर्ची गरम करून देते."

पुढं मीच एक खोड काढली. मला बाया ऐकू येत होत्या, पण लोक नाही. म्हटलं, "भाऊजी, समोर मानसं आहेत का फोटो, तेच कळत नाई." त्यांनी मंचाच्या दोन कडांना दोन माइक लोकांकडं तोंड करून ठेवले आणि तेही माझ्या कानात आणून बसवले, त्यांच्या त्यांच्या बाजूला. वा. उजवीकडं लेकरू रडतंय, डावीकडं कोणी टाळ्यांचा ठेका धरतंय. आणि दोन भजनांच्या मधात, अगदी स्वच्छ, पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "हेच लुगडं मागच्या वर्षी बी होतं हिच्या अंगावर."

माझा माइक चालू होता. मी म्हणून गेले, "हाव बाई, तेच आहे. आवडते मले."

धीरेभाऊ मशीनमागं वाकून हसत होते, अजिबात आवाज न करता. तेव्हापासून भजन संपलं की ते माइक खाली करायचे.

अशी काही वर्षं चांगली गेली. घरी आल्यावर रातकिडे नाहीत. गळाही बसेना, कारण ओरडावंच लागत नव्हतं. मग एका थंडीत मला सर्दी झाली, ताप आला, आणि बरी झाल्यावर लक्षात आलं की डाव्या बाजूनं मला कोणी हाक मारली तर मी उजवीकडं वळते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं. मग माझा हात धरून म्हणाली, "आजी, डावा आता येणार नाही. उजवा चांगला आहे, त्याला जपा."

एका कानाच्या माणसाला डावं काय अन् उजवं काय. दोन्ही रांगा एकाच कानात. तालमीला बसले तर पुन्हा कपाळामागं पोतं. मी दोनदा सुमनच्या ओळीवर पाय दिला. तिसऱ्यांदा दिल्यावर मी खंजिरी खाली ठेवली आणि साऱ्यांना सांगून टाकलं, मोहगावचा कार्यक्रम शब्द दिला म्हणून करते, त्यानंतर मधात सुमन बसेल.

सुमन, जिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं असतं, तिनं माझी खंजिरी उचलून पिशवीत ठेवली. घरी परतताना रस्त्यात म्हणाली, "मले झेलता येते, बाई. टाकता नाई येत. मी मधात बसली तर हे मंडळ सहा महिन्यात मोडन, अन् तुलेबी ठाऊक आहे ते."

ठाऊक होतं. पण कान कुठून आणू.

धीरेभाऊंना कोणी कळवलं, सुमननंच कळवलं असेल. ते आले. त्या दिवशी टाळी वाजवली नाही, सरळ आत आले. चंचीतून डबी काढली आणि ते बारीक बटण, ज्याचा त्यांना एवढा अभिमान, ते उलट बाजूला सरकवलं. सरकवताना त्यांनी माझ्याकडं पाठ केली होती. "आता स्टीरिओचं काम नाई," एवढंच म्हणाले. डाव्या कानात बोळा तसाच ठेवायला लावला, बाहेरचं आत येऊ नये म्हणून.

मग बसले. चहा थंड झाला. बाया गात होत्या, ते एकेकीचा आवाज चढवून, उतरवून पाहत होते. एक रांग मोठी, एक बारीक केली. मला बारीक रांगेचे शब्दच कळेनात. एका रांगेची धार काढून टाकली, तर ती घोंगडीतून गात असल्यासारखी. मी म्हटलं, "राहू द्या भाऊजी. वय झालं माझं."

ते म्हणाले, "तुमचं माहेर सावरगावचं ना?"

"हाव."

"मंग लहानपनी पांढुर्ण्याचं भजन ऐकू येत असन, नदीपलीकडून."

आमच्या जाम नदीचं नाव निघालं की लोक दोन काठांतली दगडफेक, ती गोटमारच विचारतात. मला मात्र दुसरंच आठवलं. आमच्या घरी भजन चालू असायचं, आणि त्याच वेळी पलीकडं, पांढुर्ण्याच्या काठाच्या एखाद्या घरीही असायचं. दोन्ही एकदम ऐकू येत, आणि तरी कधी गल्लत झाली नाही. एक घरातलं. एक पाण्यावरून आलेलं, जरासं ओलं, कडा नसलेलं. "येत होतं," मी म्हटलं. "साफ ऐकू येत होतं."

"तवा तुम्ही कोन्या कानानं वळखत होत्या, डाव्या का उजव्या?"

माझा हात उगाच डाव्या कानाकडं गेला.

"कानानं नाई वळखलं," ते म्हणाले. "लांबून वळखलं. डावं-उजवं गेलं तर जाऊ द्या. जवळ-लांब तर आहे."

ते परत मशीनकडं वळले. एक रांग तशीच कोरडी, कानाजवळ ठेवली. दुसऱ्या रांगेला घुमारा दिला. पहिल्यांदा इतका दिला की मी म्हटलं, "हे तर भूत गाऊन राहिलं." कमी केला. धार थोडी काढली, थोडी परत दिली. बाया कंटाळल्या, घरी दूध तापवायचं होतं, पण एकही उठली नाही. शेवटी एकदा त्यांनी हात वर केला, मी ओळ टाकली, आणि सुमनची रांग आली ती लांबून. शब्द सारे कळत होते. फक्त मधात नदी होती.

"मलेच काहून पलीकडं टाकलं?" सुमन म्हणाली.

"तुमचा आवाज सावरगावहून बी वळखू येते म्हनून."

मोहगावला दुपारचा कार्यक्रम. मंडपात ऊन झिरपत होतं. मंडळातल्या बायांनी एकमेकींना नीट पाहून घेतलं, तसं पाहतात शेवटच्या वेळी. ते माझ्या जागेवर बसून, ऐकून, खाली उतरून गेले. मी पहिली ओळ टाकली, डावीकडं. जवळून आली. पुन्हा टाकली, उजवीकडं. पलीकडून आली. मग मी मुद्दाम घाई केली, एकदा इकडं, लगेच तिकडं, आणि दोन्ही काठ आपापल्या जागी. मधातच सुमनला काय वाटलं कोण जाणे. मी खंजिरी डावीकडं हलवली असताना तिनं ओळ चोरून झेलली. ती मला तपासत होती. मी डोळे न उघडता तिच्याकडं बोट दाखवलं.

तिची पुढची ओळ हसण्यात फुटली. मला ते हसू लांबून ऐकू आलं.

गजर झाला, लोक पाया पडून गेले. मंडळातल्या बाया टाळ पिशवीत भरत होत्या, आणि मी काय म्हणते याची साऱ्या वाट पाहत होत्या. धीरेभाऊ वायरी गुंडाळत आले, एक वेढा सुलटा, एक उलटा. माझ्याजवळ थांबले. वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "पुढच्या खेपेले पलीकडची रांग अजून थोडी लांब नेतो. आज जरा जवळच होती."

साऱ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मी चंची कमरेतून काढत होते.

सुमन म्हणाली, "भाऊजी, अजून किती लांब नेता? पोहून यावं लागते आमाले."

"मंग पोहाले शिका," मी म्हटलं, आणि डबी त्यांच्या हातात न देता माझ्याच पिशवीत ठेवली.